शिक्के चार, वर्ग तेच

(दृश्य: दयानंद महाविद्यालय, सकाळचा तास)
सोलापूरचं दयानंद महाविद्यालय सुरू झालं 1940 साली. सुरुवातीच्या तुकड्यांच्या पदवीवर शिक्का असायचा मुंबई विद्यापीठाचा. मग पुण्याचा आला. 1962 साली शिवाजी विद्यापीठ झालं आणि आपण कोल्हापूरला जोडले गेलो. सोलापूरचा स्वतःचा शिक्का यायला 1 ऑगस्ट 2004 उजाडावा लागला.

वर्ग मात्र तेच होते.

(दृश्य: न्यायालयाचं आवार)
या शहराच्या कोर्टात एक तरुण पट्टेवाला होता. साहेबांची हाक आली की धावायचं, कागद पोचवायचे. शाळा केली ती रात्रीची. पुढं दयानंदमध्ये शिकून पदवीधर झाला. सुशीलकुमार शिंदे. सोलापूर विद्यापीठ स्थापन झालं, त्या दिवशी राज्याचे मुख्यमंत्री तेच होते. पदवीचा कागद बघितला तर ते या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी ठरत नाहीत. आम्हाला हे पटत नाही.

(दृश्य: सभागृहाची पाटी, श्रोते आत जाताना)
ही पाटी वाचा. डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह. इथल्याच संगमेश्वर महाविद्यालयात सर मराठी शिकवायचे. संतसाहित्य हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय, आणि वक्ता असा की गावोगावी त्यांच्या व्याख्यानाला माणसं जमायची. एका प्राध्यापकाचं नाव शहरानं सभागृहाला दिलं, ही साधी गोष्ट नाही.

आपली माणसं कोल्हापूरलाही गेली. नरखेडचे गो. मा. पवार यांनी शिवाजी विद्यापीठात मराठी शिकवलं. त्यांनी लिहिलेल्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या चरित्राला 2007 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

(दृश्य: केगाव, पुणे महामार्ग, प्रवेशद्वार)
आणि हे केगाव, सोलापूर विद्यापीठाचं आवार. शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र सोलापुरात होतं, त्यातूनच हे विद्यापीठ उभं राहिलं, एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी. डॉ. इरेश स्वामी पहिले कुलगुरू. त्याआधी विद्यापीठात काही काम निघालं की कोल्हापूर गाठायचं, दोनशेहून जास्त किलोमीटर. एका कागदासाठी दिवस मोडायचा, वर एसटीचं भाडं. अक्कलकोटच्या पोराला तर आधी सोलापूर, मग पुढचा प्रवास. ती फरफट थांबली. 2019 मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं.

इथं कधी नामवंतांच्या तसबिरी लागतील, तेव्हा यादी 2004 पासून धरू नका. दयानंदपासून धरा, संगमेश्वरच्या मराठीच्या तासापासून धरा.

(दृश्य: एसटी थांबते. पाठीला सॅक लावलेल्या मुली उतरून फाटकाकडं चालू लागतात. निवेदन नाही.)