तीन वाजताचा दिवा

आमच्या माहितीपटात आधी हा सोफा नीट पाहून घ्या.

दिवसा यावर बसून घरातली माणसं टीव्ही बघतात. रात्री सगळे आत गेले की तो एका मुलीचा पलंग होतो. ती एकोणीस वर्षांची आहे आणि कुशीत सहा आठवड्यांचं बाळ. घर मैत्रिणीचं, म्हणजे खरं तर मैत्रिणीच्या आईवडिलांचं. ‘चार दिवस राहा’ म्हणून सुरू झालेला मुक्काम तिसऱ्या आठवड्यात गेलाय. आता दाराआडची कुजबुज तिच्यापर्यंत पोचू लागली आहे.

तिचं नाव आपण घेणार नाही. तिच्यासारख्या पुष्कळ जणी आहेत, आणि रस्त्यावर झोपणाऱ्यांची शिरगणती होते तेव्हा त्यातली एकही सापडत नाही. त्या रस्त्यावर नसतातच. कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी मर्जीवर असतात.

सोफ्यापाशी थोडं थांबू या, कारण गोष्ट फक्त अवघडलेपणाची नाही. बाळाला घेऊन सोफ्यावर झोपणं फार धोक्याचं आहे. मोठं माणूस गाढ झोपतं आणि बाळ उशीच्या फटीत किंवा त्याच्या अंगाखाली अडकतं. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली ‘बाळाला पाठीवर झोपवा’ ही मोहीम सुरू झाली, आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू खूप घटले. सपाट, टणक, वेगळं अंथरूण हवं, हेही डॉक्टर आणि परिचारिका सांगत राहतात. तिने ते सगळं ऐकलंय, तिला ते पाठ आहे. पण पाळणा ठेवायचा कुठे?

‘मग घर भाड्याने घे ना!’ असं म्हणणारे भेटतातच. घरमालक पगाराचा कागद मागतो, अनामत मागतो, आधीच्या मालकाचं पत्र मागतो आणि वर जामीनदार मागतो. जामीन राहू शकणारी माणसं म्हणजे आईवडील. त्यांच्याशीच तर बोलणं तुटलंय. ती अठराच्या आतली असती, तर इंग्लंडसारख्या देशात घराचा भाडेहक्क थेट तिच्या नावावर होऊच शकला नसता. आई होण्याला मात्र असली अट नाही.

इंग्लंडमध्ये २०१८पासून एक नियम लागू आहे. पुढच्या ५६ दिवसांत छप्पर जाण्याची शक्यता असेल, तर स्थानिक प्रशासनाने तेव्हाच मदतीला लागायचं. गरोदर बाई आणि लहान मुलं असलेलं कुटुंब यांना प्राधान्य आहे. कागदावर हे चोख आहे. पण हक्क मागायला खिडकीशी जावं लागतं, आणि ती जात नाही. तिला वेगळीच भीती आहे. ‘राहायला जागा नाही’ असं आपल्याच तोंडाने सांगितलं आणि त्यांनी बाळच काढून घेतलं तर? ही भीती तिला वेडगळ वाटत नाही. लहानपणी आईपासून तोडून परक्या घरात वाढलेल्या मुली यांत असतात, त्यांनी ते स्वतः पाहिलेलं असतं.

आता हे दुसरं दार, घर नसलेल्या तरुण आयांसाठीच्या वसतिगृहाचं. पाहायला साधी इमारत. प्रत्येकीला स्वतःची खोली, खोलीत पाळणा, दाराला आतून कडी. तिने ती कडी पहिल्यांदा लावली, त्या आवाजासाठी आम्ही मायक्रोफोन मुद्दाम जवळ धरला होता.

खाली एक छोटं ऑफिस आहे. तिथे रात्रभर दिवा असतो. इथला मदतनीस बाळाला आंघोळ घालून देत नाही, भांडी घासत नाही. तो फॉर्म भरताना शेजारी बसतो. वीजबिल कसं वाचायचं ते दाखवतो. दवाखान्यात सोबत येतो, पण डॉक्टरांशी बोलू देतो तिलाच. पहाटे तीनला बाळ रडायचं थांबेना आणि ती खाली आली, तर ‘ताप बघू या’ म्हणतो. हातचं राखून मदत करायची, हे या कामातलं सगळ्यात अवघड कसब.

सगळं गोड नाही. पाहुणा कधी येणार, कधी जाणार याचे नियम आहेत. खोली तपासली जाते. कुठलीही आई कधीतरी चिडते. इथे चिडली तर त्याची नोंद होईल अशी धास्ती असते. आणि बाप? अशा बऱ्याच ठिकाणी त्याला राहता येत नाही. त्यामागे कारण आहे: काहीजणी मारहाणीतून सुटून आलेल्या असतात. पण सगळ्यांना एकच नियम लावला, की ज्याला बाळाचं लंगोट बदलायचंय तो विशीतला पोरगाही वहीत सही करून येणारा पाहुणा ठरतो. आम्हाला हे पटलं नाही. जोडप्यांसाठी वेगळे मजले ठेवता येतात.

मुदतीचा प्रश्न आहेच. अमेरिकेत संघराज्याच्या निधीतून गरोदर मुली आणि तरुण आयांसाठी अशी वसतिगृहं चालतात. प्रवेश १६ ते २१ वयात. मुक्काम साधारण ५४० दिवस, अपवाद म्हणून ६३५. दीड वर्षात बाळ चालायला लागतं. तेवढ्यात आईने शिक्षण किंवा नोकरी, पाळणाघर, थोडी शिल्लक आणि भाड्याचं घर इतकं सगळं जमवायचं. घरांची भाडी चढलेली असली, की ती तयार असते आणि घरच नसतं. मग खोली अडते, आणि बाहेर सोफ्यावरची दुसरी कुणीतरी वाट बघत राहते. या व्यवस्थेची खरी परीक्षा इथे आहे. किती जणींना आत घेतलं हे सगळे सांगतात. किती जणी कुठे गेल्या, आणि वर्षाने तिथेच होत्या का, हे विचारावं लागतं.

आज तिचा निघायचा दिवस. पाळणा सुटा करून गाडीत चढवलाय. खोलीची किल्ली तिने ऑफिसच्या टेबलावर ठेवली, दुसरी, नव्या घराची, पर्समध्ये आहे. पुढचे काही आठवडे मदतनीस फोन करणार आहे.

नव्या घरातली पहिली रात्र. तीन वाजता बाळ उठतं. ती सवयीने जिन्याकडे बघते. इथे जिना नाही. मग ती दिवा लावते.