एका टायरचे किती पावसाळे?

मंडळी, या टेबलावर दोन टायर ठेवले आहेत. दोन्ही कोरे, दोन्ही १५५/८० आर १३ या मापाचे. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्या याच मापावर धावतात. एक साध्या किमतीचा आहे, दुसरा महागडा. बोटाने दाबून पाहिलंत तर फरक कळणार नाही. दुकानात मात्र टायरमागे हजार-दीड हजारांचा फरक सहज पडतो. म्हणजे चार टायरांचे सहा हजार. मे महिन्यात छपराची डागडुजी, मुलांची शाळा, बियाणं-खत असे सगळे खर्च एकदम उभे असताना हे सहा हजार टोचतात. ते कोणी द्यावेत आणि कोणी मुळीच देऊ नयेत, एवढंच आज बोलायचं आहे.

थंड देशांत हिवाळ्यासाठी टायरचा वेगळा जोड ठेवतात. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली उतरलं की नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सोडू लागतं, म्हणून हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ केलेलं असतं. बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, असं त्याचं चिन्ह. कोणी ‘बाहेरचा आहे, नव्यासारखा आहे’ म्हणून असा टायर स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. आपल्या तापलेल्या डांबरावर ते मऊ रबर झपाट्याने झिजतं. पण त्या लोकांचा विचार बरोबर आहे. वर्षातला सगळ्यात कठीण ऋतू कोणता, ते पाहून ते टायर निवडतात. आपला कठीण ऋतू मृगापासून नवरात्रापर्यंतचा.

पावसात टायरचं मुख्य काम पाणी उपसण्याचं. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे असं धरा. सेकंदाला जवळजवळ १७ मीटर रस्ता चाकाखालून जातो. १५५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यातलं ते पाणी मोजलं तर सेकंदाला पावणेआठ लिटर भरतं. पुढच्या एकेका टायरने दर सेकंदाला अर्धी बादली बाजूला सारायची, आणि तीही तळहाताएवढ्या जागेतून, कारण टायर रस्त्याला टेकतो तो तेवढाच. हे पाणी नक्षीच्या रुंद खाचांतून बाहेर पडतं. खाच उथळ झाली की पाणी टायरखालीच अडतं आणि टायर त्यावर तरंगू लागतो. स्टीअरिंग अचानक हलकं लागलं की समजावं. अशा वेळी ब्रेक मारू नये, स्टीअरिंग सरळ धरावं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय सावकाश काढावा.

खाच पाणी काढते, पण मागे राहिलेल्या पातळ थरातून रस्ता पकडायचं काम रबराचं. महागड्या टायरमध्ये पैसे मुख्यतः इथे गेलेले असतात. रबराला बळकटी देण्यासाठी पूर्वीपासून काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक घालत आले. १९९२मध्ये मिशेलिनने नक्षीच्या रबरात सिलिकाचा मोठा वापर केलेले टायर आणले. सिलिका रबरात सहज मिसळत नाही. त्यासाठी सिलेन नावाचं जोडणारं रसायन लागतं आणि मिश्रण जास्त काळजीने करावं लागतं, म्हणून खर्च वाढतो. त्याच्या बदल्यात असं रबर खडीच्या बारीक खडबडीतपणात ओल्यातही नीट बसतं, आणि टायर हलका फिरल्याने इंधनही थोडं वाचतं.

दुसरा फरक डोळ्यांनी पाहता येतो. नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक काप दिसतात ना, ते पाण्याचा शेवटचा थर पुसून काढतात. पोस्टकार्डाचा कोपरा त्या कापात घालून पाहा. चांगल्या टायरमध्ये कार्ड जवळजवळ खाचेइतकं खोल जातं. स्वस्त टायरमध्ये ते कधी कधी दोन-तीन मिलिमीटरवरच अडतं. असा टायर कोरा असताना चांगला वागतो, पण अर्धा झिजला की कापच उरत नाहीत. दुकानात ही तपासणी करायला अर्धं मिनिट पुरतं, आणि किमतीच्या पाटीपेक्षा ती जास्त खरं सांगते.

याचा परिणाम ब्रेक लावताना किती होतो? ओल्या रस्त्यावर एका टायरच्या पकडीचा गुणांक ०.७ आणि दुसऱ्याचा ०.५ धरू. हे आकडे समजण्यापुरते आहेत. ताशी ६०च्या वेगातून पहिली गाडी २० मीटरवर थांबते, दुसरी २८ मीटरवर. आठ मीटर म्हणजे लहान गाडीच्या दोन लांब्या. पण यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून दुसरी अजून ताशी ३२ किलोमीटरने पुढे जात असते. कुंभार्लीच्या किंवा आंबा घाटाच्या वळणावर समोर उभ्या ट्रकला गाडी टेकणार की जोरात आदळणार, ते या ३२ आकड्यावर ठरतं.

म्हणजे महागडाच घ्यायचा का? थांबा. महाग टायर सगळे एका कामासाठी बनवलेले नसतात. काही आवाज कमी व्हावा म्हणून महाग असतात, काही जास्त किलोमीटर चालावेत म्हणून. जास्तीत जास्त किलोमीटरचं आश्वासन देणाऱ्या टायरचं रबर बहुधा कडक असतं, आणि कोकणातल्या पावसाला मी त्याची शिफारस करणार नाही. स्टिकरवर तारे असतील तर ते मुख्यतः इंधनबचतीचे आहेत, पकडीचे नाहीत. दुकानदाराला प्रश्न एकच विचारा: ‘या मापात ओल्या रस्त्यावर सगळ्यात चांगला कोणता?’ ‘सगळ्यात चांगला कोणता’ असं मोघम विचारलंत तर मोघमच उत्तर मिळेल.

स्वस्त म्हणजे धोक्याचा, असंही नाही. आपल्या देशात मोटारीच्या टायरला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्याचं मानक आयएस १५६३३. ओल्या रस्त्यावरची पकड, टायर फिरताना वाया जाणारी ऊर्जा आणि आवाज यांच्या मर्यादांचे नियमही केंद्र सरकारने २०२२मध्ये जाहीर केले. तेव्हा नावाजलेल्या कंपनीचा साधा टायर हा प्रामाणिक माल आहे. रिमोल्ड केलेला, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेला, किंवा कोणाच्या तरी गाडीवरून उतरवलेला टायर मात्र पावसाळ्यासाठी घेऊ नका. आतल्या तारा कुठे दुखावल्या आहेत ते बाहेरून दिसत नाही.

आता हिशेब. कोऱ्या टायरची नक्षी साधारण साडेसात मिलिमीटर खोल असते. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. खाचेच्या तळाशी त्या उंचीच्या आडव्या पट्ट्याही असतात, तिथवर झिजला की टायर संपला. पण १.६ ही कायद्याची मर्यादा आहे. तिला आपल्या पावसाचा अंदाज समजू नका. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आंबोलीचा आकडा ७०००च्या आसपास जातो. इथे ३ मिलिमीटरला टायर बाद धरावा. टायर ४०,००० किलोमीटर चालतो आणि तुम्ही वर्षाला १२,००० चालवता असं धरलं, तर वर्षाला पावणेदोन मिलिमीटर झीज होते. मेअखेरीस कोरे टायर बसवले, तर पहिल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला नक्षी साडेसात, दुसऱ्याला पावणेसहा, तिसऱ्याला चार, आणि चौथ्याला सव्वादोन. म्हणजे तीन चांगले पावसाळे. तेच टायर दिवाळीच्या ऑफरमध्ये ऑक्टोबरात घेतले, तर त्यांची सगळ्यात खोल नक्षी कोरड्या रस्त्यावर झिजते. पहिला पावसाळा सव्वासहावर येतो, दुसरा साडेचारवर, तिसरा पावणेतीनवर. एक पावसाळा हातचा गेला, आणि त्याची किंमत कुठल्याही ऑफरपेक्षा जास्त आहे. वरचे सहा हजार तीन पावसाळ्यांवर वाटले तर पावसाळ्याला दोन हजार, महिन्याला पाचशे पडतात. चिपळूण-कऱ्हाड किंवा सावंतवाडी-बेळगाव अशी घाटवाटेची फेरी आठवड्यातून दोन-चार वेळा करणाऱ्याने, रात्री गाडी चालवावी लागणाऱ्याने, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घेऊन जाणाऱ्याने हे पाचशे द्यावेत. यात मला शंका नाही.

खोली मोजताना एक चूक हमखास होते. शाळेच्या पट्टीचं शून्य काठापासून तीन-चार मिलिमीटर आत असतं, त्यामुळे माप कमी येतं. शून्य अगदी टोकावर असलेली स्टीलची पट्टी घ्या, किंवा खोली मोजायचा स्वस्त गेज घ्या. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तिन्ही ठिकाणी मोजा. एकाच कडेला झीज जास्त असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडलेली आहे. ती दुरुस्त न करता महागडे टायर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली गेली, मध्य झिजला असेल तर जास्त.

उलट बाजूची माणसंही इथे बसली असतील. गाडी गावच्या अंगणात उभी, गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात बाहेर निघते, वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर होतात. यांचा टायर झिजून संपत नाही, वयाने संपतो. ऊन, ओझोन आणि एकाच जागी उभं राहणं यांनी बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडतात आणि रबर कडक होतं. नक्षी सहा मिलिमीटर दिसते, पण पकड गेलेली असते. यांनी महागडा टायर घेऊ नये. साधा घ्यावा, पण ताजा घ्यावा, आणि सहा वर्षं झाली की नक्षीकडे न बघता बदलावा. ताजेपणा भिंतीवरच लिहिलेला असतो: डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. हे आकडे कधी कधी एकाच बाजूला असतात, म्हणून बसवण्याआधी टायर उलटूनही पाहा. वर्षभरापेक्षा जुना असेल तर दुसरा मागा.

पैसे दोनच टायरांचे असतील तर नवी जोडी मागे बसवा. बरेच दुकानदार पुढे बसवतात, कारण लहान गाडीला ओढणारी चाकं पुढची. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ पुढे सरकते, आणि वेग कमी होताच पुन्हा ताब्यात येते. मागची सुटली तर गाडीचं शेपूट फिरतं, आणि ते सावरणं सराईतालाही कठीण. पुढची जोडी लवकर झिजू नये म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरवर चाकांची अदलाबदल करत राहा.

रुंद टायरचा मोह टाळा. १५५च्या जागी १७५ घातला तर गाडी भरीव दिसते, पण तेच वजन रुंद पट्ट्यावर पसरतं आणि उपसायचं पाणी तेरा टक्क्यांनी वाढतं. रिम मोठा करून टायरची भिंत बुटकी केली, तर महामार्गावरच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात भिंत रिमवर आपटून तिला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, लगेच काढावा.

हवेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ती जवळजवळ फुकट आहे. १९६३मध्ये नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी विमानाच्या टायरांवरून दाखवलं, की खोल पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यांच्या सूत्राने ३३ पीएसआयला (पंपावर हवेचा दाब याच मापात भरतात) तो ताशी ९६ किलोमीटर येतो, २४ पीएसआयला ८२. झिजलेला मोटारीचा टायर त्याही आधी तरंगेल. म्हणजे हवा कमी ठेवली तर महागड्या टायरचा फायदा आपण स्वतःच घालवतो. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो, आणि तो टायर गार असतानाचा आहे. किनाऱ्यावर आणखी एक दुखणं आहे. खाऱ्या हवेने पत्र्याच्या रिमची कड गंजते आणि ट्यूबलेस टायरमधली हवा त्या गंजातून हळूहळू निसटते. पंक्चर सापडत नाही आणि आठवड्याला दोन-तीन पीएसआय उतरतात, तेव्हा बहुधा हेच असतं. टायर बदलताना रिमची कड तारेच्या ब्रशने स्वच्छ करून घ्या आणि व्हॉल्व्ह नवा घाला.

काही ठिकाणी कुठल्याच टायरचा उपयोग नाही. पहिल्या सरीनंतर रस्त्यावर तेल आणि धूळ यांची साय धरते. लावणीच्या दिवसांत पॉवर टिलर शेतातून वर येतात आणि लाल चिखल डांबरावर पडतो. झाडाखालच्या वाडीच्या सिमेंट रस्त्यावर शेवाळ साचतं. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये जावं, बस.

आणि कोऱ्या टायरवर साच्यातून सुटताना लावलेल्या द्रवाचा पातळ थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर, तो थर घासून जाईपर्यंत, कोरा टायर पूर्ण पकड देत नाही. म्हणून टायर मृगाच्या आदल्या दिवशी बसवू नका. दहा-बारा दिवस आधी, रस्ता कोरडा असताना बसवा.