पगार, घड्याळ आणि कालनिर्णय

जेवणानंतर भाषण ठेवलंय, त्यात पुरणपोळी होती, तेव्हा कोणाचा डोळा लागला तर मी वाईट वाटून घेणार नाही. आधीच सांगते, पगाराच्या कायद्यांवर बोलणार असले तरी मी वकील नाही. इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत 20 वर्षं पेरोल म्हणजे पगाराचा हिशेब सांभाळलाय, लोकांचे चेक काढलेत, त्यामुळे कुठे कापतात आणि कुठे गुपचूप कापतात एवढं कळतं.

आपल्या लोकांत एक पक्का समज आहे की पगार ठरलेला असला की ओव्हरटाइम मिळत नाही. साफ चूक. फेअर लेबर स्टँडर्ड्स अॅक्ट हा फेडरल म्हणजे देशभरचा कायदा 1938 चा, त्यात आठवड्याला 40 तासांच्या वर काम झालं की दीडपट दर. मॅनेजर वगैरे काही कामं यातून वगळलीत, पण ते प्रत्यक्षात काय काम करता यावर ठरतं, कार्डावर किचन मॅनेजर छापलं आणि दिवसभर कांदा चिरायला लावला तर तो माणूस मॅनेजर होत नाही.

आता फेडरल की स्टेट? फेडरल किमान वेतन तासाला 7.25 डॉलर, 2009 पासून तिथेच अडकलंय. न्यू जर्सीचं 15 च्या वर गेलंय. दोन्हीपैकी कामगाराला जास्त देणारा कायदा धरायचा, भांडणच नाही. कॅलिफोर्नियात तर दिवसाचे 8 तास झाले की ओव्हरटाइम सुरू, आठवडा भरायची वाट बघत नाहीत.

माझ्या ओळखीच्या एक ताई एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये होत्या. आठवड्याला रोख 600, सहा दिवस, रोज 11 तास. म्हणजे 66 तास, भागाकार केला तर तासाला 9 डॉलर आणि चिल्लर. नुसते 15 धरले तरी 40 तासांचेच 600 होतात, वरचे 26 तास फुकट! दीडपटीने 1185 व्हायला हवे होते. त्यांचं म्हणणं, पण माझ्याकडे पुरावा कुठाय, पंचिंग मशीनच नव्हतं. मग बोलता बोलता म्हणाल्या, मी आपलं कालनिर्णयवर लिहायचे. बघितलं तर खरंच, प्रत्येक चौकोनात निळ्या पेनने आल्याची-गेल्याची वेळ, एकादशीच्या खाली 10 ते 9, संकष्टीच्या खाली 10 ते 9.30, दुधाचा हिशेब पण तिथेच.

तासांची नोंद ठेवायची जबाबदारी मालकाची असते. त्याने ठेवली नाही तर कामगाराचा वाजवी अंदाज चालतो आणि तो खोडून काढायचं काम मालकावर येतं, हे सुप्रीम कोर्टाने 1946 मध्येच सांगितलंय, माउंट क्लेमेन्स पॉटरीच्या खटल्यात. म्हणजे ते कालनिर्णय पुरावाच होतं की. फेडरल दावा साधारण मागच्या 2 वर्षांपर्यंतचा, मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर 3, पण न्यू जर्सीने 2019 मध्ये मुदत 6 वर्षं केली. आणि ताईंनी जुनी कॅलेंडरं दिवाळीच्या साफसफाईत रिसायकलिंगला टाकलेली, तीनच उरली होती, काय बोलणार.

त्यांचा खरा अडसर कायदा नव्हताच, मालक आपल्याकडचा, दिवाळीला साडी दिली, त्याच्याविरुद्ध कसं जायचं. मला हे कळतं, पण साडी पगारात धरता येत नाही. आणि तक्रार केली म्हणून काढून टाकणं हा वेगळा गुन्हा आहे.

आयटीवाले हसतायत, तुमचंही सांगते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना प्रोजेक्ट नाही म्हणून कंपनीने बेंचवर बसवलं तरी पगार चालू ठेवावा लागतो, स्वतः सुट्टी मागितली असेल तर गोष्ट वेगळी. आणि ले-ऑफचा, म्हणजे नोकरीवरून कमी केल्याचा कागद समोर आला की आजच सही करा म्हणतात, पण वय 40 किंवा त्याच्या पुढे असेल आणि त्यात वयाच्या भेदभावाचे हक्क सोडून द्यायचं लिहिलं असेल तर विचाराला किमान 21 दिवस द्यावे लागतात, ग्रुप ले-ऑफ असेल तर 45, आणि सहीनंतरही 7 दिवसांत माघार घेता येते. कागद घरी न्या हो, पळून नाही जात.

हां, मागून कोण विचारतंय, नॅनीचं? 1974 पासून घरकाम करणाऱ्यांनाही फेडरल कायदा लागू आहे. रोज येऊन-जाऊन मुलं सांभाळणाऱ्या मावशींना 40 तासांच्या वर दीडपट. सकाळी 7 ला येतात, संध्याकाळी 6 ला जातात, पाच दिवस, करा गुणाकार. हो, तुम्हालाच द्यायचेत.