मुलाखत संपल्यावर काय होतं

(जळगावात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आपल्याकडची मुलं रात्रीच्या गाडीने पुण्याला मुलाखतीला जातात. परत आली की घरचे विचारतात, "साहेब खूश झाले का?" मी बरीच वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलोय, म्हणून सांगतो, मोठ्या कंपनीत एकटा साहेब खूश होऊन फारसं काही होत नाही. तुम्ही बाहेर पडलात की तो लॅपटॉपवर फॉर्म भरतो. काय विचारलं, उत्तर काय आलं, कोणत्या कसोटीला किती गुण, आणि शेवटी घ्यावं की नाही. पुढे तुमची मुलाखत घेतलेल्या तीन-चार जणांचे फॉर्म समोर ठेवून बैठक होते. तिथे तुम्ही नसता, तुमच्याबद्दल लिहिलेल्या दहा-बारा ओळी असतात.

गूगलने निवड समितीची पद्धत रूढ केली, तिच्यात मुलाखत न घेतलेली माणसं कागद वाचून ठरवतात. अ‍ॅमेझॉनमध्ये 'बार रेझर' (Bar Raiser) नावाचा एक मुलाखतकार असतो. तो त्या टीमचा नसतो, आणि त्याचा नकार मॅनेजरला डावलता येत नाही. कारण उघड आहे. मॅनेजरच्या टीममध्ये माणूस कमी असतो, काम तुंबलेलं असतं, तो घाईत कोणालाही 'चालेल' म्हणून टाकतो.

या सगळ्या फॉर्मबाजीला आधारही आहे. 1998 साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी नोकरभरतीवरचं 85 वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. सगळ्यांना तेच प्रश्न आणि ठरलेली गुणपद्धत असेल, तर उमेदवार पुढे काम कसं करेल याचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा बरा येतो, असं निघालं. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी असा अंदाज किती खरा ठरतो याचे आकडे पुन्हा मोजून बरेच खाली आणले, तरी अशी बांधीव मुलाखत पहिल्या नंबरावर आली. 'माणूस बघताक्षणी ओळखतो' म्हणणारे अजूनही पुष्कळ भेटतात. त्यांचं मी फार मनावर घेत नाही.

मागे सावद्याकडचा एक मुलगा आला होता. प्रोजेक्ट काय, तर केळीच्या बागेत ठिबकसाठी ओलावा मोजणारे सेन्सर. मी विचारलं, यात तुझ्या वाट्याचं काम कोणतं? "सर, टीमने मिळून केलं." वेगळ्या शब्दांत परत विचारलं, तेच उत्तर. आपल्या घरांत स्वतःचं कौतुक करू नये असं शिकवतात, ते चांगलंच आहे. पण फॉर्ममध्ये मी काय लिहू? 'प्रोजेक्ट चांगला, स्वतःचा वाटा कळला नाही.' ही ओळ बैठकीत वाचली की निम्मा नकार तिथेच झाला. उठता उठता तो म्हणाला, "खताच्या पाण्याने सेन्सरच्या पट्ट्या गंजायच्या सर, आकडे चुकायचे. मग मी दर रविवारी माती उकरून हाताने बघायचो, कोणता सेन्सर खोटं बोलतो ते." त्याला परत बसवलं. खोटे आकडे गाळायचा कोड त्यानेच लिहिला होता. वीस मिनिटं तेवढंच बोललो, आणि फॉर्म भरून वाहिला.

रेझ्युमेचं थोडक्यात सांगतो. मोठ्या ठिकाणी पहिली चाळणी बहुधा सॉफ्टवेअर लावतं, म्हणून जाहिरातीत मागितलेलं जे येत असेल ते त्याच शब्दांत लिहा. यंत्र निष्पक्ष असतं असं मात्र समजू नका. अ‍ॅमेझॉनने बनवलेलं असं एक साधन जुन्या, बहुतांश पुरुषांच्या अर्जांवरून शिकून बायकांच्या अर्जांचे गुण कापू लागलं. ते बंद केल्याची बातमी 2018 मध्ये आली.

इंग्रजीची भीती सगळेच विचारतात. अडखळलात तर थांबा, "एक मिनिट विचार करतो" म्हणा. फॉर्ममध्ये उच्चारांचा रकाना मी तरी पाहिला नाही. पण समोरच्याच्या कानाला ते खटकतं आणि गुणांत झिरपतं, हेही खरं. लपवून काय उपयोग?

सगळं छान होऊनही नकार येतो. बजेट कापलेलं असतं, पद गोठवलेलं असतं, कधी आतलाच माणूस आधी ठरलेला असतो. यातलं काहीही तुम्हाला कळवत नाहीत, येतो तो चार ओळींचा साचेबंद मेल. त्यावर वाद घालू नका. पुन्हा अर्ज कधी करता येईल तेवढं एचआरला विचारा. बऱ्याच ठिकाणी सहा महिने ते वर्षभर थांबायला लावतात.