खालचा आकडा तर बरोबर आहे ना?

(पडदा काळा. फक्त आवाज: ठक… ठक… ठक…)

हा आवाज हृदयाचा नाही. दंडातल्या रोहिणीचा, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीचा आहे, आणि बीपी मोजायचा पट्टा आवळल्याशिवाय तो येत नाही. एरवी कोपराच्या खळग्यात स्टेथोस्कोप लावलात तर तिथे शांतता असते.

पट्ट्यात हवा भरली की रोहिणी पूर्ण दाबली जाते. रक्त अडतं. मग हवा हळूहळू सोडायची. हृदय आकुंचन पावताना रक्ताचा जो दाब असतो, तो पट्ट्याला भारी पडला की रक्त त्या फटीतून उसळतं आणि पहिला ठोका ऐकू येतो. हा वरचा आकडा, सिस्टॉलिक. हवा सोडत गेलं की एका क्षणी आवाज विरतो. आता दोन ठोक्यांच्या मधे, हृदय सैल असतानाही, रोहिणी उघडी राहू लागली. हा खालचा, डायस्टॉलिक.

(जुनं छायाचित्र: पाऱ्याचं यंत्र)

दंडाला बांधायचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला. पण ते नाडीवर बोट ठेवून मोजत, म्हणून त्यांना वरचाच आकडा कळे. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी त्या जागी स्टेथोस्कोप लावला आणि खालचा आकडा हाती आला.

तो आला आणि डॉक्टरांनी त्यालाच डोक्यावर घेतलं! वरचा आकडा जिना चढलं तरी वाढतो, घाबरलं तरी वाढतो. त्याचं काय एवढं मनावर घ्यायचं? शिवाय वय झालं की बीपी वाढायचंच, अशी समजूत होती. ‘शंभर अधिक वय’ हा हिशेब आजही घरोघरी ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

(वॉर्म स्प्रिंग्ज, जॉर्जिया)

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. जगभर युद्ध पेटलेलं, आणि त्यांच्या डॉक्टरांच्या हाती विश्रांती, कमी मीठ आणि हृदयासाठी डिजिटालिस, एवढंच होतं. १२ एप्रिल १९४५ ला डोकं असह्य दुखतंय म्हणत ते कोसळले. तेव्हाची नोंद ३००/१९०. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय ६३.

त्यानंतर चार वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने बीपी उतरतं हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. आपल्याकडची ही मुळी त्यानंतर जगभरच्या दवाखान्यांत पोहोचली. पुढे अधिक चांगली औषधं आली आणि ती मागे पडली, पण आपल्या शहरातलं हे काम आपल्यालाच फारसं माहीत नसावं, याचं नवल वाटतं.

(फ्रॅमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स)

१९४८ मध्ये या छोट्या गावातल्या ५,२०९ माणसांची तपासणी सुरू झाली, ती पुढे दशकानुदशकं चालली. कोणाला झटका आला, कोणाला अर्धांगवायू झाला, आणि त्याआधी त्यांचं बीपी किती होतं, हे सगळं टिपलं गेलं. त्यातून दिसलं की उतारवयात धोक्याची खूण वरचा आकडाच जास्त ठळकपणे देतो.

असं का? तरुणपणी महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रोहिणी, नव्या रबरी नळीसारखी असते. ठोक्यासरशी फुगते, मग आवळत रक्त पुढे ढकलत राहते. वयानुसार ती ताठर होते. फुगत नाही म्हणून वरचा आकडा चढतो. आवळतही नाही म्हणून खालचा उतरतो. साधारण पन्नाशीनंतर हे दिसू लागतं. सत्तरीच्या आजींचं बीपी १७०/७५ आलं आणि कोणी म्हणालं, “खालचा तर बरोबर आहे ना!”, तर त्या दिलाशात दम नाही. दोन आकड्यांमधलं ते मोठं अंतरच त्या ताठरपणाची खूण आहे. त्याचा मार मेंदू, हृदय, मूत्रपिंडं आणि डोळ्यांचे पडदे सोसतात, बहुधा काहीच न दुखता.

तरुणांत उलटंही घडतं. चाळिशीच्या आतल्याचा खालचाच आकडा ९५ असतो. तोही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. माणसं साठीपुढची, वरचा आकडा १६० किंवा जास्त, खालचा नव्वदच्या आत. गोळ्या दिल्यावर पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. फक्त वरचा वाढलेलं बीपी म्हणजे वयाचा भाग, हे म्हणणं तिथे संपलं.

एक अडचण मात्र उरतेच. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः ते सैल असताना मिळतं, म्हणजे खालच्या दाबाच्या भरवशावर. वरचा आकडा खेचताना खालचा फारच उतरला तर हृदयरोग असलेल्या वृद्धांना ते जड जाऊ शकतं. शिवाय उठताना चक्कर येऊन पडण्याची भीती. अशा वेळी गोळी मनाने बंद करायची नसते, मात्रा डॉक्टरांनी बदलायची असते. म्हणून अशा पेशंटचं बीपी बसवून एकदा आणि उभं करून पुन्हा एकदा घेतात.