शेवटचं पान

(पडद्यावर: पत्र्यावर पडणारा पाऊस. आधी नुसता आवाज, चित्र नंतर.)

बेळगावात पाऊस लागला की लागला. चार-चार दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, चादरीला कुबट वास, आणि संध्याकाळी करंट जातो तो रात्री कधीतरी येतो. अशा वेळी बाकीच्या घरांत भजी तळायचे, कोणी पत्ते काढायचे, आणि आमच्या घरात मी मेणबत्ती लावून खून वाचत बसायचो.

आज्जी म्हणायची, "परत खुनाचं आणलास काय रे? दिवेलागणीला कोण वाचतं असलं." पण मेणबत्ती मात्र तीच आणून द्यायची, देवाजवळची.

ही ९० च्या दशकातली गोष्ट. बेळगावातल्याच शहापुरात एका गल्लीत भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान होतं. लायब्ररी म्हणायचे त्याला, पण तसं ते अर्धं दुकानच, पुढे वह्या-पेनं, पाकिटं, राख्यांच्या दिवसात राख्या, आणि मागे पडद्याआड लाकडी फळ्यांवर पुस्तकं. महिन्याला पंधरा रुपये. सगळ्या पुस्तकांना एकसारखं खाकी कव्हर, मणक्याला जाड दोऱ्याची शिवण, त्यामुळे बाहेरून बघून कळायचंच नाही की हातात साने गुरुजी आहेत की सुरा. काका पहिलं पान उघडून बघायचे आणि द्यायचे.

मी सगळं वाचलं. बाबुराव अर्नाळकर, ज्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा झुंजार, काळापहाड, मग गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकरांचे कोर्टातले खटले, आणि नारायण धारप, जे वाचून रात्री परसात जायची हिंमत व्हायची नाही. शाळेत कोण विचारलं काय वाचतोस तर मी श्यामची आई सांगायचो, कारण घरी आणि शाळेत दोन्हीकडे ठरलेलं की हे वाचन नव्हे, ही खोड.

ह्या पुस्तकांना दोन रोग होते. एक म्हंजे कुणीतरी सभासद पहिल्याच पानावर पेनानं लिहून ठेवायचा, 'खुनी : मॅनेजर.' आणि बऱ्याच वेळा ते खोटं असायचं! दोनशे पानं आपण त्या बिचाऱ्या मॅनेजरवर डोळा ठेवून बसायचं आणि शेवटी खुनी निघायचा मेव्हणा. त्या माणसाला मला एकदा भेटायचं होतं, खरंच, एवढी मेहनत करून फसवणारा वाचक मी नंतर बघितला नाही.

दुसरा रोग फाटलेल्या शेवटच्या पानाचा. काका म्हणायचे पोरं होडी करतात. असेल. पण आमच्या बाबतीत झालं असं की खुनी कोण ते आम्हालाच ठरवायला लागायचं, मी आणि गल्लीतले दोघं, शाळेला जाताना. "मेव्हणाच असणार बे, बघ की, त्याला पैसे मिळूलेत." "नाही बे, तो लंगडा नोकर, रात्री बागेत काय करूलाता तो?" आणि बहुमत नेहमी लंगड्या नोकराला पडायचं.

हे मला खूप उशिरा लक्षात आलं. त्या पुस्तकांत संशय कोणावर असतो बघा. एका डोळ्याचा माळी, कुणाशी न बोलणारा भाडेकरू, एकटी राहणारी बाई, तोंडावर डाग असलेला, वेडसर भाऊ जो वरच्या खोलीत असतो. जो चारचौघांत बसत नाही तो संशयित. कधी तो खुनी निघतो, कधी लेखक आपल्याला फसवायला त्याला नुसता पुढे करतो, पण दोन्हीकडे त्याचं काम तेवढंच, आपल्याला भीती घालायचं. त्याच्या खोलीत जाऊन तो रात्री काय जेवतो हे कोण लिहीत नाही.

आणि आम्ही ते शिकलो. आमच्या गल्लीत एक एकटा माणूस राहायचा. छत्री, काळा कोट, कोणाशी बोलणं नाही. आम्ही तिघांनी ठरवून टाकलं की ह्यानं कुणालातरी मारलंय. एका शनिवारी पाठलाग केला, भर पावसात, अंतर ठेवून, पुस्तकात लिहिल्यासारखा. तो चालत चालत सीबीटीवर, म्हंजे गावच्या मोठ्या बस स्टँडवर गेला, बाकावर बसला, कोल्हापूरची गाडी लागली, भरली, सुटली, आणि तो उठून परत घरी आला. बस्स एवढंच. पुढच्या शनिवारी परत तेच. आज्जीला सांगितलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय, जेव."

(पडद्यावर: खाकी कव्हर असलेलं एक पुस्तक, हात ते उघडतो.)

मग एकदा काकांनी चुकीचं पुस्तक दिलं. म्हणाले, "हे ने, पिंगळावेळ. पिंगळा म्हंजे घुबडासारखा पक्षी, भुताचंच असणार." मी आणलं. त्यात 'स्वामी' नावाची कथा आहे. एक वाटसरू रात्री एका मठात पोचतो, ते लोक त्याला अतिशय मानानं आत घेतात, खाऊपिऊ घालतात, आणि मग जमिनीखालच्या खोलीत स्वामी म्हणून कायमचा बंद करतात. मानानंच! मी ती थ्रिलर म्हणूनच वाचत होतो, मेणबत्तीत, आता हा सुटणार, कुठंतरी भुयार असणार, चावी असणार. तो माणूस आत एक वेल वाढवतो, ती वेल उजेडाकडे चढत जाते, आणि कथा संपते. मी पान उलटलं. मग बोटानं शिवण चाचपून बघितली.

पान फाटलेलं नव्हतं.

पुस्तकावरचं जी. ए. कुलकर्णी हे नाव मला तोवर माहीत नव्हतं, आणि मजा म्हंजे हा माणूस आमच्याच गावचा. १९२३ चा जन्म, लहानपण बेळगावात, आणि नोकरी धारवाडला, कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, इथून बसनं दीड-दोन तास. सभा नको, सत्कार नको, डोळ्यांवर काळा चष्मा, म्हणजे आमच्या हिशोबात पहिला संशयित. त्यांच्या 'काजळमाया' ह्या कथासंग्रहाला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तर ह्यांनी पुरस्कार परत करून टाकला. १९८७ च्या डिसेंबरात पुण्यात वारले. लहानपणच्या माणसांवर त्यांनी लिहिलं त्या पुस्तकाचं नावच 'माणसे : अरभाट आणि चिल्लर', आणि ते वाचताना मला पहिल्यांदा असं वाटलं की अरे, ही गल्ली मी बघितलीय, हा ओला दगड मी बघितलाय.

आता पुण्या-मुंबईचे दोस्त काय म्हणतात, की तुमच्याकडे सीमाप्रश्न आहे, १९५६ पासून तुम्ही ना इकडचे ना तिकडचे, म्हणून तुमच्या मातीत असलं एकटेपणाचं लिहिणं उगवतं. ऐकायला भारी वाटतं. मला नाही पटत. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारी माणसं एकटी नसतात हो, उलट तेव्हा गल्लीच्या गल्ली एकत्र चालते. जीएंची माणसं सीमेवर नाही तुटत. ती घरात तुटतात, ताटावर बसल्यावर, सख्ख्या भावाच्या एका वाक्यानं. त्याला कर्नाटक-महाराष्ट्र काही लागत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. थ्रिलरनं मला ज्या माणसाचा पाठलाग करायला लावला, त्याच माणसाच्या घरात जीएंनी आणि आमच्या भागातल्या बाकी लेखकांनी मला आतून नेलं.

निपाणीचं उदाहरण घ्या. पुणे-बंगळूर हायवेवरचं तंबाखूचं गाव, उतरलं की नाकात वास बसतो. तिथे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवायचे आणि कथा-कादंबऱ्या लिहायचे. २०२४ मध्ये वारले. त्यांची माणसं कोण, तर गॅरेजमधला मेकॅनिक, टॅक्सीवाला, क्लीनर, तंबाखूच्या वखारीत खोकत काम करणाऱ्या बाया, देवदासी. गिरणीत दळण घेऊन कोण येत नाही सांगा? सगळं गाव येतं. मला वाटतं त्यांना पात्रं शोधायला कुठं जायला लागलंच नसणार, डबा घेऊन दारात उभीच. मोठ्या शहरातल्या समीक्षकांनी त्यांच्याकडे जेवढं बघायला पाहिजे होतं तेवढं बघितलं नाही, हे माझं मत, आणि मी ते बदलणार नाही.

(पडद्यावर: परडी, भंडारा. तोंडं दाखवायची नाहीत.)

मंगळवार-शुक्रवारी आमच्या दारात जोगती यायची, यल्लम्मा देवीला सोडलेली बाई. डोक्यावर जग, म्हंजे देवी बसवलेली टोपली, कपाळाला भंडारा, कधी सोबत चौंडकं हे तंतुवाद्य वाजवणारा एक जोगता, म्हंजे देवीला सोडलेला पुरुष, साडी नेसलेला. आम्ही पोरं त्याला हसायचो आणि घाबरायचोपण. सौंदत्तीची यल्लम्मा आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे हे कुणाला विचित्र वाटायचं नाही आणि कोण त्याच्याबद्दल बोलायचंपण नाही. मुली देवाला सोडायला बंदीचा कर्नाटकातला कायदा १९८२ चा, पण दार वाजायचं थांबलं नव्हतं. आज्जी सुपातनं जोंधळे आणायची, घालायची, हात जोडायची, आत यायची.

मग मी राजन गवस वाचले, गडहिंग्लजकडचे, म्हंजे आमच्या शेजारचेच. 'चौंडकं' आणि 'भंडारभोग'. पहिल्यात देवाला सोडलेली मुलगी, दुसऱ्यात जोगता केलेला पोरगा. पुढे २००९ चा 'जोगवा' सिनेमा मुख्यतः ह्यांच्यावरून आला. 'भंडारभोग' वाचून झाल्यावर दोन दिवस डोकं बधिर होतं. शुक्रवारी तो जोगता दारात आला तेव्हा मी, वय वर्षे सतरा, पुस्तक वाचून शहाणा झालेला, त्याला विचारलं, तुमचं नाव काय?

तो हसला. म्हणाला, "नाव घेऊन काय करतोस बाळ, जोंधळं घाल."

घातले. काय करणार.

कवितेकडे मी उशिरा आलो, आणि त्याला कारण शाळा. इंदिरा संत म्हणलं की पाऊस आणि फुलं असं आम्हाला शिकवलेलं, ती पावसाला विनवणारी कविता आम्ही चालीवर म्हणायचो, हात हलवत. त्या बेळगावात राहायच्या, इथल्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपल होत्या, २००० मध्ये गेल्या, एवढं माहीत होतं. पण १९४६ मध्ये त्यांचे मिस्टर, कवी ना. मा. संत, अचानक गेले आणि पदरी तीन लहान मुलं, हे कोण सांगितलं नव्हतं. ते कळल्यावर 'शेला' आणि 'मेंदी' परत वाचायला घेतलं, तर ती फुलं तीच, पाऊस तोच, पण आता प्रत्येक ओळीत कोणतरी नाहीये. बाई ओरडत नाहीत कुठेही. दार लावून घेतल्यासारखं लिहितात. मी खुनाच्या हजार पानांत एवढा घाबरलो नव्हतो जेवढा त्या आठ ओळींच्या कवितांनी.

आणि आता वाचत गेलो तसं आमच्या भागातले लेखक मोजायला लागलो तर संपेचना. कमल देसाई, जन्म यमकनमर्डीचा, १९२८, हायवेवरून जाताना आपण जिथे चहाला थांबतो तिथला, आणि पुस्तकाचं नाव काय, 'काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई'. १९७५ मध्ये! त्याच्याही मागे जायचं तर बाबा पदमनजी, बेळगावात १८३१ ला जन्मलेले, घरच्यांचा धर्म सोडून ख्रिस्ती झाले, आणि १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिलं, जिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. तिचा विषय विधवांचे हाल. म्हणजे आपली कादंबरी सुरूच झाली ती समाजानं कोपऱ्यात बसवलेल्या बायकांपासून, आणि मला मात्र घरी म्हणायचे जरा चांगलं कायतरी वाच.

अजूनही म्हणतात. बायको म्हणते, झोपायच्या आधी हे कशाला, डिप्रेशन येईल. तिला मी वाद घालत नाही, कारण काही वेळा तिचं बरोबर असतं. जीएंचं 'रमलखुणा' वाचून मी एकदा आठवडाभर कुणाशी धड बोललो नव्हतो. आणि डार्क असलं की भारी असंपण नाही, हल्ली मोबाईलवर जे थ्रिलर येतात त्यातल्या निम्म्यांत अंधार म्हणजे नुसता लाईट कमी केलेला असतो, आणि खुनी अजून तोच, लहानपणी मार खाल्लेला, एकटा, विचित्र. लंगडा नोकर बदलून हुडी घातलेला पोरगा आणलाय एवढंच.

(पडद्यावर: शटर, मोबाईल रिपेअरची पाटी.)

ते दुकान आता नाही. तिथे मोबाईल दुरुस्त करतात. काकांनी पुस्तकं रद्दीत घातली तेव्हा मला फोन केला, मी स्कूटरवर दोन पोती आणली, किलोच्या भावानं. त्यात ते खाकी कव्हरवालं 'पिंगळावेळ' सापडलं.

'स्वामी' संपते तिथे खाली पेन्सिलीनं लिहिलंय, 'म्हंजे काय?' ते माझं अक्षर नाही, मी बरंच निरखून बघितलं. त्याच्या खाली निळ्या शाईत, दुसऱ्या हाताचं, 'मला बी कळलं नाही. परत नेतो.'

आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली तारखांची स्लिप आहे, नावं नाहीत, नुसते सभासद नंबर. माझा ८६, एकदा. बाकी दोन-तीन जण एकेकदा. आणि ११७, सहा वेळा. मी जुनी कॅलेंडरं काढून त्या तारखा बघितल्या. सहाच्या सहा शनिवार.

काकांना विचारलं ११७ कोण. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले रजिस्टर तर पहिल्यांदाच रद्दीत गेलं बघ.