लेबकुखनचे पीठ या आठवड्यातच भिजवावे

नमस्कार. मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, ज्येष्ठ काका-काकू, मित्रमैत्रिणींनो आणि मुलांनो,

दिवाळीच्या फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झालेले नाहीत आणि मी नाताळच्या बिस्किटांविषयी बोलायला उभी आहे. येथे जर्मनीत न्यूर्नबर्ग आणि भोवतालच्या फ्रांकन प्रदेशात ज्यांना लेबकुखन म्हणतात, त्या मधाच्या मसालेदार बिस्किटांचे पीठ आदल्या दिवशी भिजवून भागत नाही. ते तीन-चार आठवडे मुरावे लागते. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आपण सारे मिळून ती भाजणार आणि सजवणार आहोत. म्हणून प्रत्येक घराने आपले पीठ या आठवड्यातच भिजवून ठेवावे, एवढीच माझी विनंती आहे, आणि ती मी इतक्या आग्रहाने का करते आहे हे सांगण्यासाठी आपला थोडा वेळ घेणार आहे.

हा पदार्थ न्यूर्नबर्गला रुजला, त्याची कारणे भूगोलात आणि व्यापारात आहेत. शहराभोवतीच्या मोठ्या राखीव जंगलात मधमाश्या पाळणाऱ्यांची जुनी वस्ती होती आणि सम्राट चौथ्या कार्लने १३५० मध्ये त्यांना विशेष हक्क दिले होते. उसाची साखर त्या काळी श्रीमंतांच्याच आवाक्यातली होती, मध मात्र दारात होता. दुसरीकडे हे शहर व्हेनिसहून उत्तरेकडे येणाऱ्या व्यापारी मार्गांवर होते, त्यामुळे पूर्वेकडचे मसाले येथे सहज पोचत. मध आणि मसाला हाताशी असल्यावर कारागीर तयार होतातच. लेबकुखन भाजणाऱ्याचा उल्लेख येथे १३९५ पासून सापडतो आणि १६४३ मध्ये या कारागिरांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. १४८७ मध्ये सम्राट तिसरा फ्रेडरिक येथे मुक्कामाला असताना त्याने शहरातील मुलांना स्वतःची छबी उठवलेले लेबकुखन वाटले, अशी कथा न्यूर्नबर्गकर आजही कौतुकाने सांगतात.

या मसाल्यांच्या वाटेवर आपला किनाराही आहे. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदाच्या पोर्तुगीज ताफ्याबरोबर जर्मन व्यापाऱ्यांचे भांडवल असलेली तीन जहाजे भारताकडे निघाली आणि त्या भांडवलात न्यूर्नबर्गच्या इमहोफ आणि हिर्शफोगेल या पेढ्यांचा वाटा होता. भारतात तो ताफा प्रथम कारवारजवळच्या अंजदीव बेटाला लागला. हे बेट आज गोवा राज्यात मोडते. तेथून जहाजे कण्णूर आणि कोचीनला गेली. या प्रवासात असलेल्या बाल्थाझार श्प्रेंगर याचा वृत्तांत १५०९ मध्ये छापूनही झाला. आले आणि वेलची मलबारची, दालचिनी सिलोनची, लवंग आणि जायफळ त्याही पलीकडच्या मोलुक्का बेटांचे. एवढा समुद्र ओलांडून आलेला जिन्नस या लोकांनी सणासाठी जपून वापरला आणि त्याची चव पिढ्यानपिढ्या सांभाळली, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यामुळे दुकानातले तयार मिश्रण पाण्यात कालवून मोकळे होणे मला पटत नाही. सुंठवडा आणि आलेपाक खाऊन वाढलेल्या आपल्या लोकांना तर ते मुळीच शोभत नाही.

मसाल्याचेच आधी सांगते. येथे डिसेंबरच्या सुमारास नऊ जिन्नसांचा तयार मसाला पुडीत मिळतो. तो वाईट नसतो, पण दळून किती महिने झाले हे कळायला मार्ग नसतो. आपल्या घरी मिक्सर आहे आणि बहुतेक अख्खे मसालेही आहेत. अर्धा किलो पिठाला चहाचे दोन चमचे दालचिनीची पूड, एक चमचा सुंठ, एक चमचा धणेपूड, अर्धा चमचा वेलदोडा, अर्धा चमचा किसलेले जायफळ, अर्धा चमचा बडीशेप, पाव चमचा लवंग आणि चिमूटभर जायपत्री हे माझे प्रमाण आहे. लवंग हात राखूनच घालावी, कारण ती वाढली की बाकी सगळ्यांना दाबून टाकते. मसाले भाजू नयेत. गोड्या मसाल्याची सवय असल्याने आपला हात आपोआप कढईकडे जातो, पण येथे मसाला पुढे भट्टीच्या उष्णतेत तापणारच असतो आणि आधी भाजला तर त्याचा सुवास दोनदा उडतो.

दालचिनीबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. बाजारात सर्रास मिळणारी जाड सालीची दालचिनी ही कॅसिया जातीची असते आणि तिच्यात कुमारिन हे द्रव्य बरेच असते. ते फार प्रमाणात पोटात गेल्यास काही जणांच्या यकृताला त्रास होऊ शकतो. २००६ मध्ये जर्मनीच्या केंद्रीय जोखीम मूल्यमापन संस्थेने नाताळच्या दालचिनीयुक्त बिस्किटांबाबत, विशेषतः लहान मुलांसाठी, इशारा दिला होता. पातळ सालीची, अनेक पदरांची सुरळी झालेली सिलोन दालचिनी वापरली तर हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांनी तेथील बागायतदारांकडे चौकशी करावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘कोकण तेज’ ही याच खऱ्या दालचिनीची जात आहे.

आता पिठाकडे वळू, कारण माझ्या आग्रहाचे मूळ तेथे आहे. जुन्या पद्धतीत सुरुवातीला फक्त मध आणि पीठ एकत्र करतात. अंडे, लोणी, मसाला आणि फुगवणारा क्षार भाजण्याच्या दिवशी घालतात. साडेतीनशे ग्रॅम मध, पन्नास ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे पाणी मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच गरम करावे, उकळी येऊ देऊ नये. हाताला सोसवेल इतके निवल्यावर त्यात साडेतीनशे ग्रॅम गव्हाचे आणि दीडशे ग्रॅम राय या गव्हासारख्या धान्याचे पीठ मिसळावे. राय येथे कोणत्याही दुकानात मिळते आणि मधाच्या गोडीला जो किंचित आंबूस, मातकट आधार लागतो तो तिच्यातून येतो. गोळा झाकणाच्या डब्यात घालून थंड, कोरड्या जागी ठेवावा. तळघराची खोली असेल तर उत्तम. मधाच्या दाट गोडीमुळे हे पीठ सहसा नासत नाही. मात्र याच कारणासाठी त्यात अंडे किंवा दूध आत्ता अजिबात घालू नये.

या आठवड्यांत आत काय घडते? पिठातील कोंडा आणि प्रथिने मधातले थोडेसे पाणी हळूहळू शोषून घेतात, त्यामुळे लाटताना पीठ आक्रसत नाही आणि कापलेला तारा ताराच राहतो. त्याच वेळी पिठात नैसर्गिकपणे असलेले जिवाणू सावकाश आम्ल तयार करतात. येथे परंपरेने जो क्षार वापरतात, त्याला पोटाश म्हणतात. हे पोटॅशियम कार्बोनेट असून त्यातून वायू सुटायला आम्ल लागते. घाईने केलेल्या पिठात ते आम्ल पुरेसे नसते, मग बिस्कीट दडदडीत होते, क्षाराची साबणासारखी चव जिभेवर राहते आणि आपण दोष मात्र भट्टीला देतो. मुरलेल्या पिठात तोच क्षार आपले काम नीट करतो. दुसरा क्षार अमोनियम कार्बोनेट. तो उष्णतेनेच विघटित होतो, पण त्यातला अमोनिया वायू बाहेर पडायला वाव लागतो, म्हणून तो फक्त पातळ, सपाट बिस्किटांना चालतो. दोन्ही क्षारांच्या पुड्या नाताळच्या आधी किराणा दुकानात बेकिंगच्या सामानापाशी मिळतात. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि क्षार घातलेले कच्चे पीठ कोणीही चाखू नये.

भाजण्याच्या आदल्या रात्री डबा उबदार खोलीत आणावा, कारण मुरलेले पीठ चांगलेच घट्ट होते. सकाळी त्यात पंचाहत्तर ग्रॅम मऊ लोणी, मसाला आणि दोन मोठे चमचे दुधात विरघळवलेला पाच ग्रॅम पोटाश मळून घालावा. या मळण्याला मनगटाचा जोर लागतो. घरातील तरुण मंडळींनी हे काम अंगावर घ्यावे, अशी त्यांना माझी सूचना आहे. मग अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटावी, आकार कापावेत आणि १८० अंशांवर दहा-बारा मिनिटे भाजावेत. मध लवकर तांबूस होतो, म्हणून शेवटची तीन मिनिटे भट्टीसमोरून हलू नये. बाहेर काढताना बिस्कीट मधोमध मऊच लागते आणि दुसऱ्या दिवशी कडक होते. त्याने घाबरून जाऊ नये. पत्र्याच्या डब्यात सफरचंदाची एक फोड घालून काही दिवस ठेवले की मध हवेतला ओलावा ओढून घेतो आणि बिस्कीट पुन्हा मऊ होते. फोड मात्र रोज बदलावी, नाहीतर बुरशी धरते.

येथे एलिझेन या नावाचा लेबकुखनचा श्रेष्ठ प्रकार आहे. त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान पंचवीस टक्के आणि पीठ जास्तीत जास्त दहा टक्के असावे लागते, आणि तो पातळ वेफरवर भाजतात. चवीला तो अप्रतिमच, पण त्याचे मिश्रण लाटता आणि कापता येत नाही, म्हणून आपल्या कार्यक्रमात तो नाही.

सजावटीबद्दल माझे मत ठाम आहे: तपकिरी बिस्किटावर पांढरी रेघ आणि सोललेला बदाम, याहून देखणे काही नाही. १७४७ मध्ये बर्लिनचा रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफ याने बीटात साखर असल्याचे दाखवून दिले, पुढच्या शतकात कारखाने उभे राहिले, साखर स्वस्त झाली आणि पांढऱ्या नक्षीची चैन साध्या घरांनाही परवडू लागली. त्याआधी कोरीव लाकडी साच्यात पीठ दाबून आकृती उठवत असत. नक्षीसाठी एका अंड्याच्या पांढऱ्यात दोनशे ते अडीचशे ग्रॅम चाळलेली पिठीसाखर आणि लिंबाचे काही थेंब घालून, उचलल्यावर टोक उभे राहीपर्यंत फेटावे. कच्च्या अंड्याची जोखीम नको म्हणून दुकानात मिळणारा पाश्चराइज केलेला पांढरा बलक आणावा. रेघांसाठी हे मिश्रण घट्ट ठेवावे, पृष्ठभाग भरायचा असेल तर थेंब-थेंब पाणी घालून सैल करावे, आणि वाटीवर ओले फडके झाकावे, कारण ते पाहता पाहता सुकते. बिस्कीट कोमट असताना नक्षी काढली तर ती ओघळते.

मार्गशीर्षातले गुरुवार नेमके याच दिवसांत येतात आणि आपल्यापैकी अनेक घरी त्या महिन्यात अंडे वर्ज्य असते. त्यांच्यासाठी सोय आहे. मी सांगितलेल्या प्रमाणात पिठाला अंडे लागतच नाही, आणि नक्षीसाठी काबुली चणे शिजवलेले दाटसर पाणी तीन मोठे चमचे घेऊन पिठीसाखरेबरोबर फेटले तर तितकाच पांढरा फेस येतो. त्या पाण्यात मीठ नसावे. ही नक्षी सुकायला थोडा जास्त वेळ घेते, एवढाच फरक. शाकाहारी टेबल आपण वेगळे मांडणार आहोत आणि त्यावरचे चमचे-वाट्याही वेगळ्या असतील.

कार्यक्रमाला येताना प्रत्येक कुटुंबाने लोणी, मसाला आणि पोटाश घालून मळलेले पीठ, लाटणे आणि एक पत्र्याचा डबा आणावा. साचे मंडळाकडे आहेत, पण ज्यांच्याकडे करंजीचे कातणे असेल त्यांनी ते जरूर आणावे, कारण त्याने चौकोनी तुकड्यांना सुंदर कडा येते. बेकिंग पेपरचे कोन मी करून आणीन. ज्यांचा हात मेंदीच्या कोनावर बसलेला आहे, अशा ताई-मावश्यांनी मुलांच्या टेबलापाशी बसावे. ज्यांना सुकामेव्याची ॲलर्जी आहे त्यांनी आजच चिटणीसांकडे नाव द्यावे, म्हणजे त्यांच्यासाठी भट्टीचा पहिला घाणा बदामाशिवाय काढता येईल.